लाल शाई वाळल्यावर

मुख्याध्यापकाच्या कारकीर्दीचा शेवट मानपत्राने होतो असा लोकांचा समज असला, तरी वस्तुतः तो चार्ज देण्याने होतो. ज्या महिन्यात वयाचे ५८ वे वर्ष पुरे होते त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि दोनचार सद्गदित भाषणे आटोपली, की मावळता मुख्याध्यापक आणि त्याच्या जागी रुजू होणारा असे दोघे कचेरीच्या खोलीत समोरासमोर बसतात. आणि जनरल रजिस्टर, कॅशबुक, हजेरीपट, सेवापुस्तके, डेडस्टॉकची वही, प्रयोगशाळेच्या कपाटाच्या किल्ल्या, मोडकी बाके किती व त्यांतली दुरुस्तीयोग्य किती, येथपर्यंत एकेका जिनसेवर बोट ठेवून ती देणाऱ्याने दिली व घेणाऱ्याने घेतली असा मजकूर सहीशिक्क्यानिशी कागदावर उतरतो. या यादीत एक जिन्नस मात्र कधीच दाखल होत नाही. तीसपस्तीस वर्षे शाळेच्या पडवीतून येरझाऱ्या घालताना कानावर पडलेले मुलांचे बोलणे, त्यांची भांडणे, त्यांच्या थापा, मधल्या सुट्टीतल्या शपथा आणि पावसामुळे शाळा लवकर सुटल्यावरचा तो एकच एक कल्लोळ, हे सारे त्याच्याच पदरी राहते. सरकारी दृष्टीने ते निरुपयोगी असल्यामुळे त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

निवृत्तीनंतर अशा माणसाला मुलांसाठी गोष्टी लिहाव्यात अशी बुद्धी झाली, तर त्याचे खरे भांडवल ही बेहिशेबी शिल्लक होय. परंतु पुष्कळदा घडते ते उलटच. जे त्याने चार्जाबरोबर देऊन टाकावयास हवे होते, म्हणजे हुकूम, शेरा आणि गोष्टीच्या शेपटीला बांधलेले तात्पर्य, त्याची एक नक्कल तो गुपचूप घरी घेऊन येतो, आणि पुस्तक त्याच नकलेवरून सिद्ध होते. पुढील पानांत ज्या मंडळींच्या लेखनाचा परामर्श घेतला आहे त्यांच्या यशापयशाचे मूळ, माझ्या मते, त्यांनी काय जवळ ठेवले आणि काय परत केले यात आहे. हे मत मी कुडाळात बसून बनविले असल्यामुळे त्याला या मातीचा वास येणार; तो वाचकांनी चालवून घ्यावा.

मराठी बालवाङ्मय जन्मले तेच मुळी शाळेच्या ओसरीवर. इंग्रजी अमलाच्या आरंभी, १८२० नंतरच्या दशकात, सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘इसापनीति’ आणि बर्क्विन या फ्रेंच ग्रंथकाराच्या पुस्तकावरून ‘बाळमित्र’ सिद्ध केला, तेव्हा मुलाने शिकावयाचे पुस्तक निराळे आणि रमावयाचे पुस्तक निराळे, असा भेद कोणाच्या स्वप्नातही नव्हता. ही दोन भावंडे एका पाळण्यात वाढल्यामुळे पुढे शंभर वर्षे त्यांची आंगडीटोपडी एकमेकांच्या अंगावर चढत राहिली, आणि गोष्टीच्या पुस्तकाला धड्याचा वास येत राहिला, याबद्दल नवल वाटावयाचे कारण नाही.

या घराण्याचा पहिला कर्ता पुरुष आपल्याच कोकणातला. विनायक कोंडदेव ओक १८४० साली रत्नागिरी जिल्ह्यातील हेदवी येथे जन्मले, शाळाखात्याच्या नोकरीत वाढले आणि १८८१ साली त्यांनी ‘बालबोध’ हे मासिक सुरू केले. १९१४ साली देहावसान होईपर्यंत त्यांनी ते चालविले. अंकाचा शिरस्ता ठरलेला असे: एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय. या हिशेबाने तेहेतीसहून अधिक वर्षांत यांतल्या प्रत्येक प्रकारचे चारशेंहून अधिक लेख त्यांच्या हातून उतरले. आज हा आकडा वाचून छाती दडपते. पण त्याहून मला विस्मय वाटतो तो त्या नेमस्तपणाचा. वेळापत्रक करण्यात ज्याचे आयुष्य गेले त्यालाच मासिकाचे असे वेळापत्रक सुचावे आणि तेहेतीस वर्षांत एकही तास बुडू नये! ओकांची भाषा सोपी आहे, मुलाला समजेल की नाही याची चिंता त्यांना सतत आहे, आणि तरीही ‘बालबोध’ वाचताना आपण बाकावर ताठ बसतो. हा दोष ओकांचा म्हणावा तर तो अन्याय होईल. त्यांच्या काळी मुलाला वाचायला देण्याजोगे काही आहे एवढेच सिद्ध करावयाचे होते, आणि ते त्यांनी निर्विवाद केले. पुढे १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ मासिक काढले, तेव्हा त्या एका नावातच अर्धी क्रांती होती: ‘बालबोध’ या नावात मुलाला काही द्यावयाचे आहे, तर ‘आनंद’ या नावात त्याचे जे आहे तेच त्याला परत करावयाचे आहे.

आचार्य अत्रे हे मुख्याध्यापक होते याची आठवण नाटककार, संपादक आणि वक्ता अत्र्यांच्या गर्जनेत बुडून गेली आहे. पुण्याच्या कॅम्पातल्या, गरिबांच्या मुलांनी भरलेल्या एका शाळेचे ते अनेक वर्षे हेडमास्तर होते. अध्यापनशास्त्राची पदविका मिळविण्यासाठी ते लंडनलाही जाऊन आले होते. ‘नवयुग वाचनमाला’ निघाली ती या अनुभवातून. तिच्यातले ‘दिनूचे बिल’ ज्यांनी लहानपणी वाचले ते लोक पन्नाशीतही त्याची आठवण काढतात, आणि पाठ्यपुस्तकातल्या धड्याविषयी असे होणे हा अपवादच म्हणावा लागेल. अत्र्यांना विनोदाची दैवी देणगी होती हे खरेच. परंतु ज्या मुलाच्या घरी पुस्तक नाही त्याला पुस्तकाच्या पहिल्या ओळीतच पकडले नाही तर तो पुन्हा हाती लागत नाही, ही व्यावहारिक जाणीव त्यांना त्या कॅम्पातल्या वर्गांनीच दिली असली पाहिजे, असे मला वाटते.

साने गुरुजींना या मालिकेत बसविणे नियमाला धरून नाही. ते मुख्याध्यापक नव्हते, आणि निवृत्त होण्याइतकी त्यांची नोकरीही झाली नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ पासून सहा वर्षे शिकवून १९३० साली ते सत्याग्रहात उतरले. तरीही त्यांना वगळले तर विषयच पोरका होईल. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. दिवसभर शिकवून, मुलांची आजारपणे काढून, रात्री जागून उद्याचा अंक लिहावयाचा आणि सकाळी तो मुलांच्या हाती द्यावयाचा. छापखाना नाही, वर्गणीदार नाही, प्रसिद्धी तर नाहीच. वाचक मात्र डोळ्यांसमोर, नावानिशी. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहून झाली ही हकिकत सर्वांना ठाऊक असते, आणि तिचे आश्चर्यही सर्वांना वाटते. मला मात्र त्या पाच दिवसांमागे हे हस्तलिखित दैनिक दिसते. रात्री बसून मुलांना सांगावयाचे, हा हाताचा सराव आधीच झालेला होता. तुरुंगाने फक्त मुले दूर नेली.

ताराबाई मोडक यांची गोष्ट सर्वांत निराळी. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद, त्या काळी एका भारतीय स्त्रीला सहसा न मिळणारे, सोडून देऊन त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. पुढे १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ, १९४५ साली बोर्डी, १९५७ साली कोसबाडची टेकडी, असा उतरता नव्हे तर चढता प्रवास. आणि अनुताई वाघ त्यांच्या जोडीला. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून अंगणात शाळा नेली, मुले गुरे राखावयास जातात म्हणून कुरणात नेली. ज्याला मुलांसाठी लिहावयाचे आहे त्याने ही कुरणशाळा नीट ध्यानात घ्यावी. शाळा मुलाकडे चालत गेली की तिला आपले शब्दही बदलावे लागतात. गुरांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या असलेल्या वारली मुलापुढे पुण्याच्या बैठकीतली बडबडगीते चालत नाहीत.

येथे मला आमच्या कुडाळाकडे वळणे भाग आहे.

भंगसाळ नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव. जिल्ह्याचे मुख्यालय असलेले ओरोस आमच्याच तालुक्यात, आणि कोकण रेल्वे आल्यापासून मुंबईही रात्रीच्या झोपेच्या अंतरावर. येथले मूल घरी मालवणी बोलते आणि शाळेत मराठी लिहिते. घरी ‘माका’, शाळेत ‘मला’. घरी ‘खंय’, शाळेत ‘कोठे’. घरी आवशी-बापाशीशी ‘गजाली’, शाळेत मात्र ‘संभाषण’. या दोन काठांमधला साकव म्हणजे शिक्षकाची लाल शाई. मी स्वतः एका मुलाच्या निबंधातले ‘व्हाळाक हूर इलो’ हे वाक्य खोडून तेथे ‘ओढ्याला पूर आला’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले आहे, आणि त्याबद्दल त्या काळी मला समाधानही वाटले आहे. व्याकरणाच्या दृष्टीने दुरुस्ती निर्दोष होती. पण व्हाळ हा ओढा नव्हे; व्हाळ म्हणजे त्या मुलाच्या घरामागून जाणारे, आषाढात लाल होणारे, ज्यात खेकडे मिळतात आणि एकदा वासरू वाहून गेले होते ते पाणी. आणि गंमत अशी की ‘वहाळ’ हा शब्द मराठीच्या कोशात आहेच! मुलाच्या तोंडून आला म्हणून तो मला अशुद्ध वाटला; कोशातून आला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती.

आमच्याकडचा दशावतार या बाबतीत शाळेपेक्षा शहाणा आहे. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात, देवळापुढे एक बाकडे मांडले की तेच सिंहासन, पायपेटी आणि पखवाज वाजू लागला की तीच नाट्यगृहाची घंटा, आणि उत्तररात्रीपर्यंत आख्यान रंगते ते लिखित संहितेशिवाय. तेथे देव आणि राजे संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात, आणि आरंभी येणारा काळ्या झग्यातला संकासुर मालवणीत बोलून सर्वांना लोळवतो. आईच्या मांडीवर पेंगणाऱ्या पोराला दोन्ही समजते. कोणती भाषा कोणाची, कोठे हसावयाचे व कोठे हात जोडावयाचे, हे त्याला कोणी समजावून दिलेले नसते. आम्ही शिक्षकांनी तेवढे एक केले की संकासुराला वर्गाबाहेर उभे केले, आणि मग मुले वर्गात हसत का नाहीत, याचा विचार करीत बसलो.

कुडाळाला लागून असलेल्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा राखली आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगविलेले, त्यांची पोथी बांधलेली. कथेकरी एकेक चित्र उचलून प्रेक्षकांसमोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने पुढची कथा गातो. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा ही कला वृत्तपत्रांतून सगळीकडे पोचली. आम्हांला ती शेजारी असूनही शाळेच्या सहलीपुरतीच ठाऊक होती, ही कबुली येथे दिली पाहिजे. आज ज्याला आपण मुलांचे चित्रमय पुस्तक म्हणतो, ज्याची पाने छपाईच्या फर्म्याच्या हिशेबाने सोळा वा चोवीस ठरतात आणि ज्याच्या रंगीत छपाईचा खर्च ऐकून हौशी लेखकाचा चेहरा उतरतो, त्याचे सगळे रहस्य या पोथीत आहे. चित्रात राक्षस दिसत असताना ‘हा पाहा राक्षस’ असे चित्रकथी सांगत बसत नाही. राक्षस काय म्हणाला ते तो सांगतो. मुख्याध्यापकाने लिहिलेल्या पुस्तकात मात्र चित्रात आंबा असतो, खाली ‘हा आंबा आहे’ असे असते, आणि शेवटी आंब्यापासून कोणता बोध घ्यावा तेही असते.

परदेशात या व्याधीवर एका हेडमास्तराने नामी उपाय केला होता. इंग्लंडातल्या समरहिल शाळेचे ए. एस. नील हे आपल्या विद्यार्थ्यांना एक अद्भुत कथा सांगत. हिरव्या ढगामुळे सारे जग दगड बनते आणि नील व त्यांची ही मुले मात्र जिवंत उरतात, अशी ती कथा. १९३८ साली ती ‘द लास्ट मॅन अलाइव्ह’ या नावाने छापताना त्यांनी प्रत्येक प्रकरणामागे मुलांनी घेतलेल्या हरकतीही छापल्या: हे कंटाळवाणे आहे, मी असे कधीच करणार नाही, मला या प्रकरणात कमी काम का, वगैरे. लेखकाने आपल्या पुस्तकात आपल्याच विरुद्धचे शेरे नोंदवून ठेवावेत, आणि तेही हेडमास्तराने, ही गोष्ट मला त्या कथेपेक्षा अद्भुत वाटते.

कारण निवृत्त मुख्याध्यापकाची खरी अडचण प्रतिभेची नाहीच. त्याला खरे सांगणारा वाचक नाही, ही ती अडचण आहे. त्याचे पुस्तक स्वखर्चाने, बहुधा फंडाच्या पैशातून निघते. प्रकाशनाला माजी विद्यार्थी येतात, त्यांत कोणी डॉक्टर, कोणी तहसीलदार, कोणी मासळीचा मोठा व्यापारी. सारे पायां पडतात, सारे प्रत विकत घेतात, आणि ‘सर, फारच छान’ असे न वाचता सांगतात. उरलेल्या प्रती ओळखीच्या शाळांतून बक्षीससमारंभात वाटल्या जातात. ज्याला बक्षीस मिळाले त्या बिचाऱ्याला ते नाकारण्याची सोय नसते. एवढ्या आदराने वेढलेल्या लेखकाला आपले पुस्तक मुलांना आवडले नाही, ही बातमी पोचणार तरी कोणत्या वाटेने? ‘किशोर’ मासिकाकडे, जे बालभारती १९७१ पासून चालवीत आली आहे, लेख पाठवून तो साभार परत आला तर निदान तेवढी तरी वार्ता कळते. आणि ज्यांचा परत आला ते पुष्कळदा सुधारलेही आहेत.

या सर्वांतून पार झालेले उदाहरण पाहावयाचे तर २०२५ सालचा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहासाठी ज्यांना मिळाला त्या नांदेडच्या डॉ. सुरेश सावंत यांचे घ्यावे. तेही मुख्याध्यापक. पण त्यांनी लेखनाला निवृत्तीची वाट पाहिली नाही. घंटा, परिपत्रके आणि तपासण्या यांच्या धबडग्यातच ते मुलांसाठी लिहीत राहिले. चार्जाच्या दिवसापर्यंत थांबलेल्या आम्हां लोकांना यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि शिकण्याचे वय गेल्याबद्दल हळहळण्यासारखेही.

माझ्या स्वतःच्या धडपडीविषयी एवढेच सांगतो. पहिली गोष्ट लिहून झाल्यावर मी वाडीतली सातआठ मुले अंगणात बोलावली आणि खाकरून वाचावयास आरंभ केला. पहिले वाक्य संपते न संपते तोच सर्वांनी हाताची घडी घातली व एकाने तर तोंडावर बोटही ठेवले. मी काही बोललो नव्हतो; माझ्या आवाजानेच ते काम केले होते. गोष्ट संपली तेव्हा पुढे बसलेल्या चेडवाने विचारले, “सर, ह्यां परीक्षेक येतलां काय?” नाही म्हणून सांगताच तिचा चेहरा उजळला, आणि मंडळी फणसाखाली खेळावयास पळाली.

दुसऱ्या खेपेस मी शहाणपणा केला. गोष्टीची वही त्याच मुलीच्या हाती दिली, बरोबर माझे जुने लाल पेन दिले, आणि जेथे खटकेल तेथे खूण कर, असे सांगितले. तीन दिवसांनी वही परत आली. गोष्टीतल्या आजोबांच्या तोंडी मी ‘बाळ, वृक्ष हे आपले मित्र असतात’ असे एक वाक्य घातले होते, त्याच्याखाली ठसठशीत लाल रेघ होती, आणि समासात लिहिले होते, “खंयचां झाड?” मी ‘वृक्ष’ खोडून ‘फणस’ लिहिले, आजोबांचे बाकीचे वाक्यही काढून टाकले, आणि वही पुन्हा तिच्याकडे धाडली. या खेपेस ती संध्याकाळीच आली. ‘फणस’ या शब्दाभोवती लाल वर्तुळ होते, आणि त्याच्या शेजारी प्रश्न: “कापो काय बरको?”

ते मला ठाऊक नव्हते. अंगणातले झाड वडिलांनी लावलेले, त्याची सावली मी पन्नास वर्षे घेतलेली. पण फणस पिकण्याच्या दिवसांत मी नेहमीच उत्तरपत्रिका तपासण्यात गढलेला असे. शेवटी चप्पल पायांत घालून मी शेजाऱ्यांकडे विचारावयास गेलो.